पानदानाला भोक पाडल्याबद्दल विहीणबाईंना

कोंढ्याजवळून,
कार्तिक, गुरुवार

सौ. उषाबाई यांस कुसुमचा मनापासून नमस्कार.

हे पत्र लिहिणे मला भाग पडले आहे, कारण अतुलच्या लग्नात तुम्ही विहिणीचा मान म्हणून मला जे पितळी पानदान दिलेत, त्याच्या झाकणाला मी भोक पाडले आहे. तुमच्या धाकट्या टीनाच्या लग्नात मांडायला तुम्हाला ते हवे आहे, असा काल पुण्याहून नीतूचा फोन आला. (आपल्या नीतूचे बरे असते. तुमची लेक म्हणून ती खरे बोलते आणि माझी सून म्हणून लवकर बोलते.) पवनीच्या बाजारात कुणीतरी तुम्हाला गाठून ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगण्याआधी ती माझ्याकडून, आहे तशी, तुम्हाला कळावी एवढाच हेतू. मुलाच्या आईने मुलीच्या आईची माफी मागावी अशी आपल्याकडे पद्धत नाही, आणि पद्धती मोडणारी मी नव्हे. तेव्हा ही माफी समजू नये. ही माहिती आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? कारध्याहून पूल ओलांडून रोज भंडाऱ्यापर्यंत चालता असे ऐकले. चालणे उत्तम. पुलावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे हा मात्र चालण्याचा भाग नाही, असे माझे मत आहे. व्याह्यांची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते, म्हणजे त्यांच्या हाताशी तुम्ही लाडवाचा डबा ठेवत नसाल अशी आशा करते. इकडे सगळे ठीक आहे. यांची तब्येतही चांगली आहे. डॉक्टरांनी सुपारी बंद केल्यापासून हे नुसते पान खातात, आणि ते पान हल्ली आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असते. का, ते पुढे येईलच. फोन न करता पत्र का लिहिले असे तुम्ही विचाराल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटता, आणि मला माझी माहिती अर्ध्या कारध्याला द्यायची नाही.

आता मुळापासून सांगते. मी बी.एस्सी. आहे हे तुम्हाला ठाऊक आहे (फिजिक्स, भंडाऱ्याचे कॉलेज, त्या काळी आमच्या वर्गात मुली इतक्या कमी होत्या की प्राध्यापक हजेरीला 'आणि बाकीच्या' म्हणून आम्हाला उरकत). पुढे सारी नोकरी पवनीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे वेळ उरला आणि मी तो अतुलला फोनवर सुधारण्यात घालवू लागले. तेव्हा त्याने, आईला काहीतरी नाद लागावा म्हणून, एक पार्सल पाठवले. त्यात तळहातापेक्षा लहान अशी एक हिरवी पाटी होती. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला स्वतःची अक्कल अजिबात नसते. आपण हुकूम लिहायचे आणि कॉम्प्युटरवरून तारेने तिच्या डोक्यात भरायचे. त्या हुकुमांना फर्मवेअर म्हणतात. एकदा भरले की पाटी तेच करत राहते, उलट न विचारता, न कंटाळता, 'मग बघू' न म्हणता. असे काही जगात आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितले नाही, याचे वाईट वाटले.

आधी मी एक दिवा लुकलुकवला. मग फ्रिजचे दार उघडे राहिले की किंचाळणारे एक यंत्र केले. त्याचा परिणाम असा झाला की यांनी स्वयंपाकघरात येणेच सोडले, त्यामुळे ते यंत्र यशस्वी झाले असे मी धरते. फर्मवेअर लिहिताना माझ्या स्वभावाला पटणारी गोष्ट म्हणजे त्यात संकोच चालत नाही. माणसाला 'जमलं तर दार लावा' असे सांगावे लागते. पाटीला 'जमलं तर' म्हणजे काय ते कळतच नाही.

आता तलाव. तुमच्या दाराशी वैनगंगा, त्यामुळे पाण्यावरची भांडणे तुम्हाला कळायची नाहीत. आमच्या गावचा तलाव एकच आहे आणि मालक दोन आहेत. पाणी धान लावणाऱ्यांचे, आणि त्याच पाण्यातले मासे ते धरणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीचे. पावसाळ्यात पाणी दोघांनाही पुरते, म्हणून तेव्हा सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचे पाणी द्यायची वेळ आली की नाते संपते. तुडुमापाशी (पाणी सोडायच्या मोरीला आमच्याकडे तुडूम म्हणतात) एक उभा दगड आहे आणि त्यावर चुन्याची रेघ आहे. रेघेच्या वरचे पाणी धानाचे, खालचे माशांचे, असा जुना रिवाज. गेल्या वर्षी शेवटच्या पाण्याला तुडूम उघडले, आणि ते बंद करणे सगळ्यांचेच काम असल्यामुळे कुणीच केले नाही. पाणी रेघेखाली गेले. मासे पाण्यामागोमाग पाटाने धानाच्या बांध्यांत (शेतांत) उतरले आणि धानवाल्यांच्या चुलींवर रस्सा शिजला. सोसायटीकडे चिखल उरला. सोसायटीची अध्यक्ष सखाबाई, जिने सगळ्यांच्या वतीने बोटुकली (माशांची पिले) विकत आणून सोडली होती, तिला वर्षभर भंडाऱ्याला लोकांची भांडी घासायला जावे लागले. यंदा त्यांनी पुन्हा हिंमत करून बोटुकली सोडली. हेही मासे गेले तर सोसायटी मोडेल आणि आम्ही गाव सोडू, असे ती सभेत म्हणाली. ती उगाच बोलणारी बाई नाही. म्हणून यंदा तुडूम उघडूच देणार नाही, मी त्यावर बसून राहीन, असेही ती म्हणाली.

धानवाल्यांचे पुढारी वासुदेवराव. ते यांचे चुलतभाऊ, धाकटे, पण सभेत सर्वांत मोठे. तेही खोटे बोलत नव्हते. शेवटचे पाणी चुकले तर लोंबी भरत नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की सभा फार लांबते. आवाज वाढला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटले की पाणी रेघेशी आले की सखाबाईच्या घरात घंटा वाजेल असे यंत्र मी करते; घंटा वाजली की तिने येऊन तुडूम बंद करावे, कुणावर विसंबून राहू नये. (मी बसल्यावर हे माझ्या कानात म्हणाले, "कायले पडता यात?") ठरले असे की दिवाळी झाल्यावर सगळ्यांसमोर चाचणी घ्यायची. घंटा वाजली तर तुडूम उघडायचे. नाही वाजली तर सखाबाई तुडुमावर बसणार, वासुदेवराव माणसे घेऊन येणार, आणि पुढचे पोलीस पाटलांनी बघायचे. सभा उठल्यावर सखाबाई माझ्याजवळ आली. "तुमच्या मशीनचा मले भरोसा नाई, बाई," ती म्हणाली, "तुमचा हाय. म्हणून हो म्हणून राहिली." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी यांनाही सांगितलेले नाही.

यंत्र असे. दगडाशेजारी खांब पुरला. खांबाला एक नळी बांधली आणि नळीत तरंगता डबा सोडला. डबा रेघेपर्यंत उतरला की कळ दाबली जाते, पाटीला ते कळते, पाटी रेडिओने सखाबाईच्या घरातल्या दुसऱ्या पाटीला सांगते, आणि ती घंटा वाजवते. सखाबाईचे घर तलावाच्या पारीला (बांधाला) लागून आहे, तेव्हा घंटा वाजली तर पारीवरही ऐकू येते. माझे पहिले फर्मवेअर फार सरळ होते: डबा खाली गेला की ओरड. पहिल्याच दुपारी म्हशी पाण्यात उतरल्या, पाणी हलले, डबा नाचला आणि सखाबाईच्या घरी आग लागल्यासारखी घंटा वाजू लागली. ती हातातली भाकर टाकून पळत आली. तलाव काठोकाठ भरलेला आणि म्हशी तिच्याकडे बघताहेत. मग मी पाटीला शिकवले की काही कळले म्हणून लगेच ओरडू नकोस. थांब, पुन्हा विचार, आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर आले तरच तोंड उघड. (हा नियम माणसांनीही पाळला तर किती बरे होईल. हे मी कुणाला उद्देशून लिहीत नाही.) नंतर बॅटरी वाचावी म्हणून तिला झोपायला शिकवले: थोडे झोपायचे, उठायचे, पाणी बघायचे, पुन्हा झोपायचे. यांनी हे ऐकून पाटीबद्दल आपुलकी दाखवली. फरक इतकाच की पाटी उठल्यावर पाणी बघते आणि हे उठल्यावर चहा बघतात. शिवाय फर्मवेअरमध्ये एक 'वॉचडॉग' असतो. पाटी कुठे विचारात अडकून गप्प बसली की तो तिला हिसका देऊन पहिल्यापासून कामाला लावतो. हे काम मी या घरात आल्यापासून करते आहे. त्याला इंग्रजी नाव आहे हे ठाऊक नव्हते.

हे सगळे जमले, पण पाटी ठेवायच्या डब्याचे जमेना. पाटी आधी मी अतुलच्या जुन्या प्लॅस्टिकच्या टिफिनमध्ये ठेवली होती. वानरांनी तो पोळीभाजीचा समजून काढून नेला आणि पिंपळावर बसून उघडला. दुसरा डबा वानरांच्या हाताला लागणार नाही असा बांधला, तर त्यातली बॅटरी कुणा माणसाने काढून नेली. माणूस धानवाला की ढिवर हे मी शोधले नाही, कारण शोधून सभा पुन्हा भरली असती. तेव्हा मला असा डबा हवा होता की जो वानराला उघडता येणार नाही आणि ज्याला गावातला माणूस हात लावणार नाही. उषाबाई, गावात अशी वस्तू एकच होती. तुमचे पानदान वाजतगाजत मांडवातून आमच्या घरी आले तेव्हा सगळे गाव दारात उभे होते. विहिणीकडून मानात आलेल्या भांड्याला आपल्याकडे शेजारीण उसने मागत नाही, चोर उचलत नाही, कारण ते हलवले तर दोन घरांचा अपमान होतो. त्यात तुमचे पानदान जाड पितळेचे, झाकण घट्ट, त्याला अडकवायला कडी. मी आतली वाट्यांची तबकडी उचलली, खाली पाटी आणि बॅटरी बसवली, वर तबकडी परत ठेवली, आणि पानदान खांबाला बांधले. यांची पाने प्लॅस्टिकच्या डब्यात गेली. यांनी काही म्हटले नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

इथून माझा छळ सुरू झाला. पाटी नीट आहे हे कळावे म्हणून मी तिला मधूनमधून हजेरी द्यायला सांगितले होते: 'मी आहे' असा निरोप ती धाडेल आणि सखाबाईच्या घरची घंटा एकदाच, हलकेच, टण करेल. घरी टेबलावर (ताळा बघायला तसलीच एक घंटा मी घरीही ठेवली होती) हजेरी बरोबर लागत होती. तलावावर नेली की गप्प. घरी आणून झाकण उघडून बघावे तर पुन्हा टण. मी बघत असले की काम करायचे आणि माझी पाठ फिरली की बंद. असे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, पण यंत्र पाहिले नव्हते. मी फर्मवेअर पुन्हा लिहिले. निरोप गेला नाही तर पुन्हा धाड, असे लिहिले. जास्त जोराने धाड, आणि एकदा रेघ कळली की मी थांबवेपर्यंत धाडत राहा, असे लिहिले. आणि मग त्याहून विचित्र गोष्ट घडली. सखाबाईने सांगितले की मशीन दिवसभर मुकी असते, पण सांज झाली की टण करते. कधी एकदा, कधी दोनदा. रोज.

रोज सांजेलाच का? मी बी.एस्सी. असल्यामुळे मला कारण लगेच सापडले, आणि ते चुकीचे होते. दिवस मावळला की लांबची रेडिओ केंद्रे स्पष्ट लागतात. वातावरणाच्या वरच्या थरात काय होते ते आम्ही कॉलेजात शिकलो होतो आणि परीक्षेत मला त्यावर चांगले गुण होते. म्हणजे पाटीचा आवाज दिवसा उन्हात विरतो आणि सांजेला पोचतो. मी त्यावर आख्खे फर्मवेअर रचले. दिवसा वेगळे वागायचे, सांजेला वेगळे. अतुलला फोनवर हे समजावले तेव्हा त्याने ते माझ्याकडून पुन्हा पहिल्यापासून वदवून घेतले. मग म्हणाला, "आई, सखाबाईंचं घर पारीवरच आहे ना? इतक्या जवळ वातावरणाचा वरचा थर कुठून आला?" मी म्हटले की तू कोड मागू नकोस, मी पाठवणार नाही. त्याने पाटी कशात ठेवली आहे असेही विचारले. मी म्हटले, चांगल्या डब्यात. आईने सांगितलेल्या उत्तरावर समाधान मानणारा मुलगा आहे. तुमच्या नीतूला त्याचा फायदाच होतो.

या सगळ्यात एकच समाधान होते. यांचे फिरणे वाढले होते. रोज सांजेला न सांगता उठायचे, चपला घालायचे आणि तलावाच्या पारीवरून चक्कर मारून यायचे. डॉक्टरांनी सांगून सांगून जे झाले नाही ते आपोआप झाले, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली होती. ती मी परत घेतली आहे.

चाचणीचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, पारीवर एका बाजूला धानवाले, एका बाजूला सोसायटीची माणसे, मध्ये खांब आणि त्यावर तुमचे पानदान, झाकणावरचा पितळी मोर उन्हात चमकतो आहे. कुणाच्या मनात संशय नको म्हणून मी सखाबाईलाच तरंगता डबा हाताने रेघेखाली दाबायला सांगितले. तिने दाबला. आम्ही सगळे तिच्या घराकडे बघत राहिलो. काही नाही. मी म्हटले, थांबा, ती खात्री करून मग बोलते. आणखी थांबलो. काही नाही. तिने पुन्हा दाबला, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून. वासुदेवराव खाकरले. "वहिनी," ते म्हणाले, "धान वाळून राहिला अन् तुमी डब्ब्याशी खेळून राहिल्या. आता आमी आमच्या परीनं पाहातो." धानवाले पुढे सरकले. सखाबाईने हात पुसला, गेली आणि तुडुमावर जाऊन बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. मोतीलाल, तिचा नवरा, तिच्या शेजारी बसला, आणि मग सोसायटीची बाकीची माणसेही.

तेवढ्यात घंटा वाजली. साधी नव्हे, खणखणीत, सारखी, थांबेना. सगळ्या माना सखाबाईच्या घराकडे वळल्या, मग खांबाकडे. खांबापाशी हे उभे होते. एका हातात पानदानाचे झाकण, दुसऱ्या हाताची दोन बोटे तबकडीतल्या वाटीत, आणि गाल फुगलेला. यांचे असे आहे की ताण आला की हात सुपारीकडे जातो, आणि डॉक्टरांनी बंद केलेली सुपारी यांनी गावातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवली होती, जिथे बायकोच काय, चोरही हात घालणार नाही. रोज सांजेला तिथेच जाऊन खात होते. सगळे बघताहेत हे लक्षात आल्यावर यांनी झटकन झाकण लावले. घंटा बंद झाली. मी म्हटले, "उघडा." हे म्हणाले, "एकच होती." मी म्हटले, "झाकण उघडा." घंटा. "लावा." शांत. "उघडा." घंटा. असे आम्ही किती वेळा केले ते माहीत नाही. धानवाल्यांपैकी काहीजण समजले की नवराबायकोचे काही जुने भांडण आहे आणि ते दुसरीकडे बघू लागले.

तेव्हा मला माझे फिजिक्स परत मिळाले. चारी बाजूंनी पितळ असले की रेडिओचा आवाज आतच राहतो. हे मला कॉलेजात ठाऊक होते. पण नोकरीभर माझा सारा विश्वास तारेवर. जे जायचे ते तारेतून जायचे, आणि तारेला डबा आडवा येत नाही. फर्मवेअरचा दोष नव्हता. बिचारी पाटी दिवसभर पानदानाच्या आतून हाका मारत होती, आणि मी तिला रोज नव्याने बोलायला शिकवत होते.

चाचणी झाली, पण झाकण उघडे ठेवून चालणार नव्हते, वानरे पिंपळावर बसून सगळे बघतच होती. पाटीला अँटेना जोडून ती झाकणातून बाहेर काढणे एवढाच उपाय. चिंधू सुताराला बोलावले. तो ड्रिल घेऊन आला, पानदान हातात घेऊन फिरवून पाहिले, त्यावर कोरलेले तुमचे नाव वाचले, आणि ते परत माझ्या हातात दिले. "हा दोन घरचा मामला हाय, बाई. माह्या हातानं नाई होनार." धानवाल्यांतला एकही पुढे आला नाही. ढिवरांतलाही नाही. ज्यांची आपसात मारामारी व्हायची होती, त्यांचे या एका गोष्टीवर एकमत झाले. तेव्हा भोक मी स्वतः पाडले, सगळ्यांसमोर. झाकणावरचा मोर फिरकीचा आहे. तो काढला आणि त्याच्या बुडाचेच भोक मोठे केले. म्हणजे नवीन भोक म्हणावे असे काही नाही; जुनेच वाढवले. त्यातून अँटेना बाहेर काढली, रबरी बूच लावले, झाकण बंद केले. सखाबाईने डबा दाबला. घंटा वाजली.

त्यानंतर तुडूम उघडले. पाणी पाटाने बांध्यांत गेले, धान प्याला. तुडुमापाशी नजर ठेवायला वासुदेवराव स्वतः बसले होते, कारण यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. दुपारी पाणी रेघेशी आले आणि घंटा वाजली. सखाबाई धावत पारीवर आली तेव्हा वासुदेवराव पळसाखाली झोपले होते. (ते म्हणतात, डोळे मिटून विचार करत होते.) तिने त्यांना ओलांडून तुडूम बंद केले आणि मग त्यांना उठवले. "भाऊ, घरी जा आता. पानी झालं तुमचं." मासे रेघेखाली आपल्या पाण्यात राहिले. धानाची लोंबी भरते आहे. परवा वासुदेवराव पारीवरून जाताना पानदानाला नमस्कार करून गेले, असे मोतीलाल सांगतो. मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही, पण खोडूनही काढले नाही.

तेव्हा अशी हकिकत आहे. तुमच्या मानाचा मी अपमान केला असे तुम्हाला वाटत असेल तर तसे कळवावे. मी ऐकून घेईन. माझ्या मते तो आमच्या घरात नुसता यांची पाने सांभाळत होता, आणि आता सगळे गाव त्याला मानते. व्याह्यांना नमस्कार. टीनाला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावावे.

तुमची,
कुसुम

ता. क. पानदान लग्नात मांडायला येऊ शकणार नाही. ते कामावर आहे आणि त्याला रजा नाही. मोर मात्र पाठवते आहे. तो फुलांच्या परडीत ठेवावा. फोटोत शोभून दिसेल.

ता. क. अतुल म्हणतो की बाजारात या कामाचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यांतून रेडिओ आरपार जातो, आणि पितळाची मुळात गरज नव्हती. मी त्याला म्हटले, तुझ्या त्या डब्यातली बॅटरी एका रात्रीत जाईल. तो पुण्यात राहतो. मान म्हणजे काय ते त्याला फर्मवेअरमध्ये लिहून भरावे लागेल.

ता. क. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण आता लिहिते. टीनाचे सासर आमच्या पलीकडच्याच गावचे ठरले आहे, आणि त्या गावच्या तलावावरही धानवाले आणि ढिवर हेच भांडण आहे. त्यांचे ढिवर सखाबाईला भेटून गेले, आणि सखाबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आली. टीनाच्या सासूला तुम्ही विहिणीचा मान म्हणून चांदीचा मुलामा दिलेले तबक देणार आहात, असे नीतू म्हणते. तबक उघडे असते. त्यात काही मावत नाही. तरी तबकाऐवजी भंडाऱ्यात पानदानच करून घ्यावे, असेच जाड, घट्ट झाकणाचे, नाव ठळक कोरलेले, आणि मांडवातून वाजतगाजत न्यावे, गाव जमेल इतके. झाकणावर मोर बसवू नये. त्या जागी बोटभर भोक ठेवायला आधीच सांगावे. टीनाच्या सासूबाईंशी मी बोलले आहे. त्यांनी खांब पुरून घेतला आहे. त्यांचे यजमान सुपारी खात नाहीत, हेही विचारून ठेवले आहे.

ता. क. मोतीलाल आज मासे घेऊन भंडाऱ्याला जातो आहे, तो पूल ओलांडून तुमच्या दारी येईल. त्याच्या हाती पुढीलप्रमाणे दिले:
हे पत्र.
पितळी मोर, फडक्यात गुंडाळून.
अँटेना आणि रबरी बूच, नव्या पानदानाच्या भोकाचे माप घ्यायला.
रोहू, एक, ओल्या पोत्यात. सोसायटीच्या यंदाच्या पहिल्या जाळ्यातला. सखाबाईने स्वतः निवडला. तिच्या घरचा अजून शिजलेला नाही. तुमचा पोचल्याचा निरोप मोतीलालने आणला की मग शिजेल.